सही कुठे करायची नाही

टीसीएसने जुलै 2025 मध्ये सुमारे 12,000 जणांना कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून हिंजवडी ते खराडी एकच वाद रंगलाय. एआय नोकऱ्या खाणार की नव्या आणणार? जर्मनीतून तो ऐकताना वाटते, प्रश्नच चुकलाय. कपात इथेही आहे. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने जानेवारी 2024 मध्ये एआयकडे वळताना 8,000 पदांची फेररचना काढली. फोक्सवागनने त्याच वर्षीच्या डिसेंबरात 2030 पर्यंत 35,000 पदे कमी करायचा करार केला. तरी इथल्या माणसाची झोप जरा कमी उडते, कारण उद्या हातात नारळ मिळाला तर महिन्याला किती पैसे येतील, हे त्याला आजच सांगता येते.

दहा वर्षे नोकरी झाली असेल तर मालकाने चार महिन्यांची नोटीस द्यायची. तीही कागदावर, शाईच्या सहीने. ईमेलवर काढले तर ते काढणेच नव्हे. पत्र मिळाल्यापासून 3 आठवड्यांत कामगार न्यायालयात जायचे. मुदत चुकली की चुकीची कपातही पक्की होते. 24 महिने बेकारी विमा भरलेला असेल तर साधारण वर्षभर निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के भत्ता. हे फुकट नाही, पगाराच्या 2.6 टक्के हप्ता असतो, निम्मा मालकाचा.

मेख वेगळीच आहे. मालक गोड बोलून परस्परसंमतीने वेगळे होण्याचा करार पुढे करतो. त्यावर घाईने सही केली की नोकरी तुम्हीच सोडली असे धरतात आणि भत्ता सहसा 12 आठवडे अडकतो.

पुण्यात हाच कागद राजीनाम्याच्या नावाने येतो. छोटी मीटिंग रूम, समोर एचआरचे दोघे, पोर्टल उघडलेले, 'संध्याकाळपर्यंत सबमिट करा, नाहीतर एक्सपिरियन्स लेटरचं बघावं लागेल.' बटण दाबले की कपातीची भरपाई गेली. प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 8 वर्षांचे 4 महिने. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार आहे, पण तोही काढलेल्याला, राजीनामा देणाऱ्याला नाही. इंजिनिअर कायद्याने 'कामगार' ठरतो का, यावर वाद आहे खरा. पण तिथे पदनामापेक्षा रोजचे काम पाहतात. कार्डावर 'मॅनेजर' आणि दिवसभर कोड, अशांनी आधीच हात टेकू नयेत.

'विचार करायला वेळ हवा, जे काय आहे ते लेखी द्या' एवढे बोलून उठावे. नेमणूकपत्र, पगारपावत्या, अप्रेझलचे निकाल आजच स्वतःकडे ठेवावेत. लॅपटॉपचा ॲक्सेस बहुधा त्याच दुपारी जातो. कंपनीचा कोड मात्र चुकूनही घेऊ नये, नाहीतर काढायला खरे कारण त्यांना आपणच देतो.

भारतात ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातून, बेकारी मदत आहे. पण ती योजना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांची. आयटीवाल्याला तो भत्ता स्वतःच साठवावा लागतो. घराचा हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांची बेरीज गुणिले सहा, हा आकडा एआयच्या कोर्सआधी काढावा. आरोग्य विमाही नोकरी असतानाच स्वतःच्या नावाने घ्यावा. कंपनीचा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावे लागते.

जर्मनीतला कायदाही सगळ्यांना सारखा पावत नाही. पहिले सहा महिने सहसा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते, आणि दहा किंवा कमी माणसांच्या कंपनीत कपातीविरुद्धचे संरक्षण जवळजवळ नाहीच. ब्लू कार्डवाल्याची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर राहणाऱ्याची, नोकरी गेली तर दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचे आणि साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधायची. कायम वास्तव्याचा परवाना हाती आला की ही टांगती तलवार जाते. त्यासाठी जर्मन भाषेची अगदी प्राथमिक ए1 पातळी येत असेल तर 27 महिने नोकरी लागते, मधली बी1 येत असेल तर 21. इथल्या मराठी इंजिनिअरला बी1 चा वर्ग हा सगळ्यात स्वस्त नोकरीविमा आहे, आणि 'हा प्रोजेक्ट संपला की लावू' म्हणत तोच पुढे ढकलला जातो.