जॉन्सन, केनेडी आणि व्हिएतनाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावरच्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४चा नागरी हक्कांचा कायदा मुळात त्यांच्या आधीचे अध्यक्ष केनेडी यांचा, केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी सहानुभूतीच्या लाटेत नुसती सही ठोकली, हा पहिला. आणि व्हिएतनामचं रक्त ज्याच्या हाताला लागलंय त्याचे गोडवे कशाला गायचे, हा दुसरा.

पहिला मला साफ अमान्य आहे. केनेडींनी विधेयक जून १९६३मध्ये पाठवलं, पण त्यांची हत्या झाली तेव्हा ते प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) नियम समितीत अडकलं होतं. समितीचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, ते तिथेच कुजवायला बसले होते. तिथून सुटलं तर सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, दक्षिणेतल्या सदस्यांनी भाषणांचं गुऱ्हाळ लावून आठवडेच्या आठवडे काम रोखून धरलं. चर्चा थांबवायला ६७ मतं हवी होती आणि जॉन्सन यांच्या स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षात फूट होती. म्हणून रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या कलाने घ्या, श्रेय खुशाल त्यांना जाऊ द्या, असा धोशा त्यांनी सिनेटमध्ये विधेयकाची धुरा सांभाळणारे ह्युबर्ट हम्फ्री यांच्यामागे लावला. १० जून १९६४ला मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांची वाचा मेंदूतल्या गाठीमुळे गेली होती. त्यांना व्हीलचेअरवरून सभागृहात आणलं. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट नेलं : 'आय', म्हणजे होकार. ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावरचा असा अडथळा सिनेटने पहिल्यांदाच मोडला. हे काम लाटेवर होत नाही.

व्हिएतनामबद्दल तुमचा संताप मला पटतो, आणि मी तर एक पाऊल पुढे जाईन. २८ जुलै १९६५ला भर दुपारच्या पत्रकार परिषदेत जॉन्सन यांनी सांगितलं की तिथलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेणार. राखीव दलं मात्र बोलावणार नाहीत. ३० जुलैला मिसुरीत, वृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या शेजारी बसून, त्यांनी मेडिकेअरवर, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कायद्यावर, सही केली. मध्ये अवघा एक दिवस! युद्धाचा खरा खर्च उघड झाला तर काँग्रेस (अमेरिकेची संसद) समाजकल्याणाच्या योजनांना कात्री लावील, ही त्यांना धास्ती होती. म्हणून ते देशाला हळूहळू, न सांगता युद्धात ओढत गेले. विधेयकं पुढे रेटणारी धूर्तता तीच होती. १९६८पर्यंत सैन्य पाच लाखांवर गेलं, करवाढ करावीच लागली आणि तिच्या बदल्यात काँग्रेसने खर्चकपातही पदरात पाडून घेतली.

तरीही कौतुक मागे घेणार नाही. मेडिकेअरचा पैसा हवा तर काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा, अशी अट १९६६मध्ये रुग्णालयांना घातली गेली. ती अट १९६४च्या त्याच कायद्यातून आली होती. दक्षिणेतल्या शेकडो रुग्णालयांना काही महिन्यांत ती पाळावी लागली. व्हिएतनामचा जाब विचारताना हे वॉर्ड हिशेबातून वगळा, असं तुम्ही म्हणता. मला ते जमणार नाही.