खुलासा : ‘बर्नआउट’ला आजार ठरवलेलं नाही
कोल्हापुरातल्या सिस्टर मैत्रिणींच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : “जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटला मानसिक आजार ठरवलं, अशी नर्स कामाला अयोग्य.” हे चुकीचं आहे. परवा नाइट संपवून घाईत मीही तो पुढं पाठवला, माफ करा.

नंतर आयसीडी-११ मधली (आजार आणि आरोग्याशी संबंधित इतर बाबींची संघटनेची यादी) मूळ नोंद वाचली. बर्नआउट हा आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे, असं संघटनेनं २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. कामाचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यानं माणूस पार गळून जातो, कामातून मन उडतं, हातून काही नीट होत नाहीसं वाटतं. ‘सिस्टर, जरा आनंदी राहा’ म्हणून ते जात नाही. ड्यूटीचा ताणच कमी करावा लागतो.

थकलेल्या पोरींवर असा शिक्का बसू नये. तो मेसेज कृपया थांबवा, पाठवला असेल तिथं हा खुलासा टाका.