ट्यूबवरच्या हिरव्या पट्टीबद्दल खुलासा
म्हापशाच्या आमच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, टूथपेस्टच्या ट्यूबच्या तळाशी हिरवी पट्टी म्हणजे पूर्ण नॅचरल आणि काळी म्हणजे निव्वळ केमिकल. साफ खोटं आहे हे! ती पट्टी पॅकिंग मशीनच्या सेन्सरसाठी असते, ट्यूब कुठे कापायची, कुठे चिकटवायची ते मशीनला त्यावरून कळतं, रंग कुठलाही चालतो फक्त उठून दिसला पाहिजे. स्वस्त हर्बल पेस्ट घेताय तर मागची बारीक अक्षरं वाचा, लवंग, बाभूळ किती घातलंय बघा, कारण नाव लवंगेचं आणि आत बराचसा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या भुकटीसारखा, बेस असं सर्रास असतं. पोरांच्या दातांना कीड लागत असेल तर फ्लोराइड आहे का तेही बघाच, बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतं.