पुन्हा पुन्हा दावा करणारा म्हणजे लबाड?

अमेरिकेत फोन करण्याचं काम घेणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींत एक सल्ला फिरतो: "टेलिमार्केटिंगविरुद्धचे दावे तिथे मूठभर धंदेवाईक लोक करतात. बहुतेक दावे मागेच घेतले जातात, म्हणजे ते खोटेच. पेसरवरून (अमेरिकी फेडरल कोर्टांच्या नोंदींची ऑनलाइन सेवा) त्यांची नावं काढा, नंबर डायलरमधून (आपोआप फोन लावणारी यंत्रणा) उडवा आणि बिनधास्त फोन करा."

यातलं एवढंच खरं की काही नावं कोर्टाच्या नोंदींत खूपदा दिसतात. पुढचे निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि ते मानणाऱ्याला महागात पडतील.

आधी 'धंदेवाईक' हा शिक्का. 1991च्या टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन ॲक्टने नको असलेल्या टेलिमार्केटिंग फोनविरुद्ध दाद मागायचा हक्क थेट नागरिकाला दिला. दर उल्लंघनाला 500 डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर 1,500 पर्यंत. ज्याचा फोन रोज वेगवेगळ्या कंपन्यांमुळे वाजतो, त्याने प्रत्येक कंपनीवर वेगळा दावा केला की त्याच्या नावावर आपसूक दहा-वीस खटले जमतात. मुद्दाम सापळा लावणारेही आहेत, हे मी नाकारत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका वादीने असे फोन यावेत म्हणूनच किमान पस्तीस मोबाइल घेतले होते. 2016 साली तिथल्या फेडरल कोर्टाने तिला दावा करण्याचा हक्कच नाही असं ठरवलं. पण पुढच्याच वर्षी टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने असंख्य दावे केलेल्या एका वादीला, केवळ तो अनुभवी आहे म्हणून, दारातून परत पाठवायला नकार दिला. फरक दाव्यांच्या संख्येचा नाही. फोन ओढवून घेतले की आले, याचा आहे.

हा फरक खटल्यांची यादी मोजून कळत नाही. दावा, प्रतिवादीचं उत्तर आणि न्यायाधीशांचा आदेश, तिन्ही वाचावे लागतात. पेसरवर पानाला 10 सेंट पडतात, साध्या दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर. तिमाहीचं बिल 30 डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर ते माफ होतं. या कायद्याच्या खटल्यांना 485 हा वेगळा कोडही आहे. एवढं हाताशी असताना नुसत्या नावावरून माणसाला लबाड ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यात एकाच नावाची दोन माणसं पेसर वेगळी करून देत नाही, आणि राज्यांच्या कोर्टांतले, छोट्या रकमांचे दावे तिथे नसतातच.

खटला मागे घेतला म्हणजे खोटा, हा तर्कही टिकत नाही. तडजोड झाली की वादी खटला मागे घेतो. रक्कम बहुधा गोपनीय राहते, म्हणून नोंदीत नुसती दोन ओळींची नोटीस दिसते.

आता नंबर उडवण्याचा उपाय. डिश नेटवर्क या सॅटेलाइट टीव्ही कंपनीवरचा नॉर्थ कॅरोलिनातला वर्गदावा (अनेकांच्या वतीने एकाने केलेला दावा) पाहा. फोन डिशच्या एका डीलरने केले होते, 51 हजारांहून अधिक, तेही 'डू नॉट कॉल' नोंदणीतल्या, म्हणजे विक्रीचे फोन नकोत असं लोकांनी नोंदवलेल्या नंबरांवर. जबाबदार धरलं गेलं डिशला. 2017 साली ज्यूरीचा निकाल लागला, कोर्टाने रक्कम तिप्पट केली आणि आकडा सुमारे 6 कोटी 10 लाख डॉलरवर गेला. 2019 मध्ये अपिलातही तो टिकला. त्या वर्गात सुमारे 18 हजार जण होते. एका वादीने त्या सगळ्यांसाठी दाद मागितली. नेहमीच्या दावेकऱ्यांची यादी गाळून अशा खटल्यातून सुटका कशी होणार? 'डू नॉट कॉल' नोंदणीशी आपली यादी किमान दर 31 दिवसांनी ताडून पाहणं नियमाने बंधनकारक आहे. ते आणि ग्राहकाच्या लेखी संमतीचा पुरावा, खरं काम इथे आहे.

कोर्टाच्या नोंदी जरूर वाचा, पण शोध वादीच्या नावाऐवजी तुम्हाला लीड (संभाव्य ग्राहकांची नावं-नंबर) विकणाऱ्याच्या नावाने सुरू करा. त्याच्यावर किती ठिकाणी दावे आहेत, संमतीचा पुरावा मागितल्यावर त्याने कोर्टात काय दाखवलं, हे करार करण्याआधीच समजू शकतं.