ते ‘चाळीस श्वास’ घेऊ नका

ताईने परवा एक फिरता मेसेज पाठवला. शीर्षक होतं ‘केल्पमधल्या शिकारीची गुपितं’. केल्प म्हणजे समुद्रात तळापासून उंच वाढणारं, जंगलासारखं दाट शेवाळ. खाली तिची ओळ: “तुझ्या भाच्याच्या उपयोगाचं दिसतंय, त्यालाही पाठवलंय.” भाचा सॅन दिएगोला शिकतो आणि सध्या हवेच्या टाकीशिवाय, नुसत्या दमावर बुड्या मारून स्पिअरगनने, म्हणजे भाला सोडणाऱ्या बंदुकीने, मासे मारायला शिकतोय. त्याचं उत्तर तिने सोबत जोडलं होतं: “मामाला सांग, करून बघितलं. खरंच जास्त वेळ खाली राहता येतं.”

ते वाचून मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहितोय.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगतो. बुडीआधी भराभर चाळीस खोल श्वास घ्या, बोटांना मुंग्या आल्या की शरीरात प्राणवायू गच्च भरला असं समजा. दम संपत आला की पोट आतून उसळ्या मारतं, ती धोक्याची घंटा. ती वाजेपर्यंत खुशाल खाली राहा. मासा लागला की क्षणही न दवडता परत बुडी मारा, नाहीतर तो केल्पमध्ये गुंतून हातचा जातो. खरा शिकारी एकटा जातो. पट्ट्यात वजन जास्त ठेवा. टाकी नसेल तर बेंड्स, म्हणजे वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार, होतच नाहीत. केल्पने पाय धरला तर हिसडे देऊन तोडा. आणि शेवटी, भाल्याच्या शिकारीने समुद्राचं काहीच नुकसान होत नाही, त्यामुळे तिला परवानाही लागत नाही.

सगळ्यात आधी ते चाळीस श्वास, कारण बाकीच्या बऱ्याच चुकांनी मासा जाईल, दंड होईल, फार तर पायात घालायचं पोहण्याचं फिन हरवेल. या चुकीने माणूस जातो, आणि तोही धडधाकट, पोहण्यात तरबेज असलेला.

निरोगी माणूस शांत बसलेला असतानाही त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूने ९७-९८ टक्के भरलेलंच असतं. तिथे आणखी कोंबायला जागाच नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने फुप्फुसांतल्या हवेत प्राणवायूचं प्रमाण किंचित वाढतं, हे मान्य. पण त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड धडाधड बाहेर फेकला जातो, आणि खरा घोळ तिथे आहे. ‘आता श्वास घे’ ही ओढ आपल्याला मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने लागत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने लागते. तोच आधी काढून टाकला तर ओढ उशिरा लागते. खाली जास्त वेळ राहता येतं ते प्राणवायू जास्त आहे म्हणून नव्हे, तो संपत आल्याचं कळत नाही म्हणून. भाच्याला जे ‘खरंच’ वाटलं ते हेच आहे. गाडीतलं पेट्रोल तेवढंच ठेवून काटा मात्र ‘फुल्ल’वर चिकटवण्याचा हा प्रकार.

बोटांच्या मुंग्यांचं तर वाचून हात कापले माझे. त्या मुंग्या, ओठांभोवतीची बधिरता, डोकं हलकं होणं, ही सगळी कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घसरल्याची लक्षणं आहेत. तो घसरला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे मेंदूला रक्त उलट कमी मिळतं. बुडी तिथल्या तिथे रद्द करायची ती ही वेळ, आणि मेसेज सांगतो की निघा आता!

यात नवीन काही नाही, म्हणून जास्त राग येतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली हे छापून ठेवलंय. पाण्याखाली पोहताना बेशुद्ध झालेल्या आणि नशिबाने वाचलेल्या माणसांच्या हकीकती त्यांनी गोळा केल्या. ही माणसं आधी भराभर श्वास घेऊन उतरली होती. बहुतेकांपुढे काहीतरी लक्ष्य होतं, अमुक अंतर गाठायचं किंवा कुणाशी तरी पैज. आणि शुद्ध जाण्याआधी त्यांना ठळक इशारा असा मिळालाच नव्हता. मग प्रयोगशाळेतही त्यांनी दाखवलं की भराभर श्वास घेऊन, वर व्यायाम करत दम धरला, तर श्वासाची ओढ असह्य होण्याआधीच फुप्फुसांतला प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतो. पुढे १९७६ मध्ये त्यांनी अशा ५८ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला. साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे दमावरच्या बुड्यांच्या, पहिल्या वर्गात शिकवतात. तरी आज ती ‘गुपित’ म्हणून उलटी करून वाटली जाते.

आता त्या पोटाच्या उसळ्या. दम धरल्यावर श्वासपटल आपोआप आकसायला लागतं, ते खरं. पण तेही कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळेच. ज्याने चाळीस श्वास घेतलेत त्याच्या उसळ्या फार उशिरा सुरू होतील, कदाचित होणारच नाहीत. म्हणजे या मेसेजचा पहिला सल्ला दुसऱ्या सल्ल्यातली घंटाच काढून घेतो. दोन्ही एकाच दमात देणाऱ्याला आपण काय लिहितोय ते कळलेलं नाही.

शिवाय पाण्याचा दाब. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, २० मीटरवर तिप्पट. खाली फुप्फुसं दाबली गेल्याने त्यांतला प्राणवायू रक्तात नीट ढकलला जातो, त्यामुळे तळाशी अगदी छान वाटतं. वर येताना हाच दाब उतरतो, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये तो निम्मा होतो. खाली जेमतेम पुरत असलेला प्राणवायू इथे एकदम अपुरा पडतो. म्हणून माणसं सहसा तळाशी बेशुद्ध होत नाहीत. वर येता येता होतात, किंवा डोकं बाहेर काढून एखादा श्वास घेतल्यावरही होतात, कारण त्या श्वासातला प्राणवायू मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात.

आणि म्हणूनच ‘खरा शिकारी एकटा जातो’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या हातून फोन काढून घ्यावासा वाटतो. पाण्याखाली शुद्ध गेली की घसा बहुधा आपोआप मिटतो, पाणी लगेच फुप्फुसांत जात नाही. त्या थोड्या वेळात कुणी तोंड पाण्यावर धरलं, मास्क काढला, चेहऱ्यावर फुंकर मारली, गालावर थापटून नावाने हाक मारली, तर पुष्कळदा माणूस श्वास घेतो आणि शुद्धीवर येतो. कुणी नसेल तर तोच माणूस मरतो. दोघांमधला फरक एवढाच. पद्धत अशी: एक खाली, एक वर. वरच्याचं लक्ष खालच्यावर, आणि खालचा वर आल्यानंतरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही. जोडीदार असूनही दोघे आपापल्या दिशेला मासे शोधत असतील, तर ते दोघे एकटेच आहेत. दोघांमुळे मासे बिचकतात म्हणे. बिचकू देत.

मासा लागला की लगेच परत बुडी, हाही जीव घेणारा सल्ला, आणि मोहात पाडणारा. केल्पमध्ये शिकार करणाऱ्यांचं स्वप्न असतं व्हाइट सीबास. तीस किलोच्या पुढे जाऊ शकणारा, लाजरा मासा. टाकीच्या बुडबुड्यांनी बिथरतो, म्हणून त्याच्यामागे लोक दमावर जातात. भाला लागला की तो केल्पमध्ये घुसतो आणि भाल्याला बांधलेली दोरी देठांभोवती गुंडाळत जातो. ती सोडवायला अनेक बुड्या लागतात. छाती धडधडत असते, पाय नुकतेच जोरात मारलेले असतात, आणि वर जेमतेम चार श्वास घेऊन माणूस परत खाली जातो. मागच्या बुडीची तूट भरलेली नसताना पुढची सुरू होते. किमान नियम असा की जितका वेळ खाली होतात त्याच्या दुप्पट तरी वर थांबायचं, आणि झटापटीनंतर त्याहून जास्त. तेवढ्यात जोडीदार जाऊन बघेल. मासा गेला तर गेला. दोरी अंगाला अडकली तर स्पिअरगन सोडून द्यायची, तिची किंमत आठवत बसायची नाही. दाट केल्पमध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटची लांब दोरी ओढत फिरण्यापेक्षा बंदुकीलाच रीळ लावलेलं बरं, हे तिथले जुने लोक सांगतात आणि बरोबर सांगतात.

केल्पला हिसडे देऊ नका. तिथल्या जायंट केल्प जातीचा देठ ताणला तर चिवट असतो आणि दुमडला की कट्कन मोडतो. हिसड्याने तो आणखी आवळतो. अडकतो कुठे, तर फिनच्या बकलला, पोटरीवरच्या सुरीला, मास्कच्या पट्टीला. तेव्हा गिरकी घ्यायची नाही, थांबायचं, हात लावून बघायचं आणि दुमडून मोडायचं. वर येताना डोक्यावरचं छत बघून मोकळी जागा निवडायची, एक हात वर धरायचा. केल्प कुणाला धरून ठेवत नाही. घाबरलेला माणूस स्वतःला तिच्यात गुरफटून घेतो.

वजनाचं थोडक्यात: जास्त वजन घेऊन खाली जाणं सोपं आणि वर येणं अवघड. बेशुद्ध माणूस पृष्ठभागावर तरंगला पाहिजे, बुडता कामा नये, एवढ्या हिशोबानेच पट्टा भरायचा, आणि तो एका हाताने सुटला पाहिजे.

बेंड्सबद्दल. केल्पच्या नेहमीच्या खोलीवर, मध्ये नीट विश्रांती घेणाऱ्याला तो धोका फार नाही, हे कबूल करतो. पण ‘होतच नाहीत’ हे खोटं. पॅसिफिकमधल्या तुआमोटु बेटांवरचे मोती काढणारे पाणबुडे दमावरच जायचे, आणि चक्कर, लकवा, मृत्यू या त्रासाला त्यांच्यात ‘तारावाना’ असं नावच होतं. डेन्मार्कच्या पॉलेव्ह नावाच्या डॉक्टरने नौदलाच्या सरावटाकीत २० मीटरच्या बुड्या पुन्हापुन्हा मारून स्वतःच ही लक्षणं अनुभवली आणि १९६५ मध्ये छापली.

राहिला समुद्राच्या नुकसानीचा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावं लागतं. भाल्याने नको ते मासे जाळ्यात येत नाहीत, तळ खरवडला जात नाही, मारणारा बघून मारतो. उत्तर कॅलिफोर्नियातली बुल केल्प ही जात २०१४ नंतर ९० टक्क्यांहून जास्त गेली, त्याचं पापही भालेवाल्यांच्या माथी मारता येणार नाही. ताऱ्यामाशांवरचा रोग, तापलेलं पाणी आणि मग बेसुमार वाढलेले जांभळे समुद्री साळू, ही ती कारणं. पण ‘बघून मारतो’ याचाच अर्थ सगळ्यात मोठा मासा मारतो. दक्षिण कॅलिफोर्नियातला शीपहेड घ्या. हा मासा मादी म्हणून वाढतो आणि पुढे नर होतो, म्हणजे मोठे ते नर. शिवाय तो साळू खातो, आणि साळू केल्प खातात. एकाच खडकावरचे मोठे शीपहेड वेचत राहिलात तर केल्पचे राखणदारच वेचताय. ‘काहीच नुकसान नाही’ म्हणे!

आणि परवाना लागतो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावर उभं राहून गळ टाकायला लागत नाही, त्यावरून कुणीतरी हे रचलं असावं. पाण्यात उतरून भाला मारायला सोळा वर्षं किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाला लागतो. त्याशिवाय राखीव क्षेत्रं आहेत. सॅन दिएगोतल्या ला होया भागातल्या छोट्या खाडीलगतचं माटलाहुआइल हे त्यांतलंच एक, तिथे मासा मारणं पूर्ण बंद. जायंट सीबास या दुसऱ्या माशाला १९८२ पासून संरक्षण आहे. व्हाइट सीबास २८ इंचांपेक्षा लहान असेल तर घेता येत नाही. गळाला लागलेला लहान मासा सोडून देता येतो, भाला आरपार गेलेला नाही. म्हणून माप मारल्यावर नव्हे, ट्रिगर दाबण्याआधी डोळ्यांनी घ्यायचं असतं, आणि खात्री नसेल तर बोट ट्रिगरवरून काढायचं.

भाच्याशी बोललो. ताईलाही सांगितलं की तो मेसेज जिथे जिथे पाठवलास तिथे हेही पाठव.