ड्रायव्हर काढले म्हणून जुना पीसी भंगारात देऊ नका

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला सुदामा नगरातून आला, रामबागेतून आला, आता पुण्याच्या नातेवाइकांकडूनही आला. थोडक्यात असा: लिनक्समधून (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टम) जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारा कोड, काढतायत, कंपन्यांना नवी मशीनं विकायचीयत म्हणून हे चाललंय, कोड नुसता पडून राहिला असता तर कोणाचं काय बिघडत होतं, एकदा काढलं की कायमचं गेलं, तेव्हा जुने पीसी आत्ताच भंगारवाल्याला द्या. हे शेवटचं वाचून राहवलं नाही, कारण लोक खरंच देऊन टाकतात, चांगली चालती मशीनं.

कंपन्यांचा मुद्दा सगळ्यात जास्त उचलला जातोय म्हणून तोच आधी घेते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नेलमधून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) इटॅनियम प्रोसेसरचा अख्खा सपोर्ट गेला. इटॅनियम कोणाचं? इंटेल आणि एचपीचं, महागड्या सर्व्हरांसाठीचं. इंटेलने २०२१ मध्ये ते पाठवणं थांबवलं आणि मग कर्नेलमध्ये त्याची जबाबदारी घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून गेलं. आता उलट बघा, अमिगा आणि अटारी या जुन्या घरगुती कॉम्प्युटरांत जो ६८००० घराण्यातला प्रोसेसर असायचा त्याचा सपोर्ट अजून आहे, अमिगा बनवणारी कमोडोर १९९४ मध्येच दिवाळखोर झाली तरी, कारण काही हौशी लोक तो कोड मनापासून सांभाळतायत. पैसा बघून ठरत असतं तर उलटं झालं असतं ना?

आता 'पडून राहू द्या'. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळ्यांचा गैरसमज इथेच होतो. कर्नेलमधला ड्रायव्हर पडून राहत नाही. आतली व्यवस्था बदलली की प्रत्येक ड्रायव्हरला हात लावावा लागतो, २०१७ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धत बदलली तेव्हा शेकडो फाइली बदलाव्या लागल्या, आणि त्यातल्या कितीतरी अशा हार्डवेअरच्या की बदल करणाऱ्याकडे ते कार्डच नाही. कोड कंपाइल होतो, पण खऱ्या कार्डावर चालवून कोणी बघत नाही. असं वर्षानुवर्षं झालं की यादीत नाव असतं आणि कार्ड लावलं की मशीन अडकतं, म्हणजे आपल्याला चालेल असं सांगून फसवल्यासारखंच झालं.

दुसरं, सेफ्टी. सिंक्रोनस सीरियल लाइनसाठी एन-एचडीएलसी नावाचा एक जुना ड्रायव्हर आहे, घरात दुकानात कोणी वापरत नाही. त्यात २००९ पासून एक चूक होती ती २०१७ मध्ये सापडली, आणि वाईट हे की ते हार्डवेअर मशीनला लावलेलं असायची गरजच नव्हती, ड्रायव्हरची फाइल डिस्कवर असली की साधा युजर ती लोड करवून रूटचे, म्हणजे अख्ख्या मशीनवरचे, अधिकार मिळवू शकत होता. विंडोजमध्येही हेच झालं, अॅगिअर कंपनीच्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं सोबत येत होता, त्यातल्या चुकीचा वापर करून हल्ले व्हायला लागले आणि ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. मोडेम कधी जन्मात न लावलेल्यांनाही धोका होता. तर पडून राहिलेल्या कोडने बिघडतं ते हे.

'कायमचं गेलं' हे तर साफ चूक आहे. २००५ पासूनचा कर्नेलचा सगळा इतिहास गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जसाच्या तसा आहे, काढलेली ओळ न् ओळ. परत येतंसुद्धा! फ्रेमबफर कन्सोलची, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनची, स्क्रोलिंगची हार्डवेअर मदत काढली होती, २०२२ मध्ये नव्या माणसाने तो भाग सांभाळायला घेतला आणि ती परत आणली.

आता तुमच्या पीसीचं. सियागंजात अजून कितीतरी दुकानांत कार्बनवाली तीन प्रतींची बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघतात, पॅरलल पोर्टवर. त्या पोर्टवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे. रिअलटेकचं ८१३९ चं नेटवर्क कार्ड, जे जुन्या असेंबल्ड पीसीत हमखास निघतं, त्याचाही आहे, टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) टाइप करा, कार्डाच्या खालच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव दिसेल. आयडीई (रुंद चपट्या केबलवाल्या) हार्ड डिस्कचा जुना कोड कर्नेल ५.१४ मध्ये गेला हे खरं, पण त्याच डिस्क लिबएटीए नावाचा दुसरा कोड आधीपासून चालवतोय. फक्त डिस्कचं नाव एचडीए (hda) असायचं ते एसडीए (sda) झालं, आणि एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) जुनं नाव राहिलं की बूट मध्येच थांबतं आणि लोक म्हणतात डिस्क गेली. अहो डिस्क ठीक आहे, ती एक ओळ बदला.

मेसेजमागची एकच चिंता थोडी बरोबर आहे, काही जुन्या मशीनांवर नवी सिस्टम बसणार नाही ही, पण तिचा ड्रायव्हरशी संबंध नाही. डेबियन म्हणजे लिनक्सचाच एक तयार संच, त्याच्या ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाला इन्स्टॉलर आणि कर्नेल नाहीये, आणि ज्यांच्याकडे खरोखर ३२ बिटचं मशीन आहे त्यांची अडचण होणार, याचं मलाही वाईट वाटतं. डेबियन १२ वर राहा सध्या. पण आधी 'एलएससीपीयू' (lscpu) टाइप करून प्रोसेसर कुठला ते बघा, कोअर टू डुओ ६४ बिट आहे, त्यावर कोणीतरी ३२ बिटचं सिस्टम टाकून दिलेलं असतं एवढंच.

ड्रायव्हर वाचतो कसा तेही सांगते. २०१९ मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने फ्लॉपीचा ड्रायव्हर अनाथ म्हणून मार्क केला, कारण सांभाळणाऱ्याकडे चालतं हार्डवेअरच नव्हतं. नंतर एकाने जबाबदारी घेतली, ड्रायव्हर राहिला. काढायचा पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, आधी मेलिंग लिस्टवर (कर्नेलवाल्यांच्या सामायिक ईमेल यादीवर) येतो, तिथे 'मी वापरतो' म्हणणारं कोणी आहे का ते कळतं. तेव्हा कार्डाचा आयडी, कर्नेलचं व्हर्जन, काय चालतं काय नाही आणि 'पॅच पाठवा, टेस्ट करून देईन' एवढं लिहिलेला मेल हजार फॉरवर्डपेक्षा कामाचा. सिल्व्हर मॉलमधल्या दुकानदारांच्या ड्रॉवरमध्ये अशी कार्डं पडलीयत, इंदूरचं पोरगं हे आरामात करू शकतं.

आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेट आहेत त्यांनी हे नीट वाचा, त्या कॅमेऱ्यातून पीसीवर बहुतेक फायरवायर नावाच्या केबलनेच उतरतात. जपानचे ताकाशी साकामोतो यांनी २०२३ मध्ये लिनक्समधलं फायरवायरचं काम अंगावर घेतलं आणि २०२९ पर्यंत सांभाळीन असं सांगितलंय. कॅमेरा चालू आहे तोवर कॅसेट उतरवून घ्या, आणि फायरवायर कार्ड असलेला पीसी निदान तोपर्यंत तरी कोणाला देऊ नका.