पंपाची सवय लागत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडक्यात असा: दम्याचा पंप हा शेवटचा उपाय. एकदा लागला की सुटत नाही. त्यात स्टेरॉईड असतं, त्यापेक्षा गोळी बरी. हा त्रास विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो. आणि दहा सेकंद श्वास रोखता आला की फुप्फुसं ठणठणीत समजावीत. असलं काही वाचून लोक चालू असलेला पंप कपाटात ठेवून देतात आणि मग रात्री-अपरात्री धाप लागून दवाखान्यात येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पंपाची सवय लागते.’ नाही लागत. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, त्रास नसतानाही. त्यात धूळ, सर्दीचा विषाणू किंवा फोडणीतल्या मिरचीचा खाट लागला की नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि वाट अरुंद होते. किती अरुंद? नलिकेचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट होतो. रोज घ्यायचा पंप ही सूज उतरवून ठेवतो. बरं वाटलं म्हणून तो मनानेच बंद केला की काही दिवसांत, काही आठवड्यांत सूज परत येते, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, पंपाशिवाय होतच नाही आता.’ बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर त्याला कोणी सवय म्हणत नाही. दमा काही महिने आटोक्यात राहिला तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करत आणतात.

मेसेजवाल्यांनी खरा धोका मात्र सांगितलेलाच नाही. तात्काळ आराम देणारा पंप, सालब्युटामॉलचा, नलिका मोकळी करतो पण सुजेला हात लावत नाही. केवळ त्याच्यावर दिवस काढणं घातक आहे. वर्षाला 200 फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणूनच 2019 पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मोठ्या माणसांना नुसत्या या पंपावर ठेवू नका, सूज कमी करणारं औषध सोबत हवंच. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा 40 टक्क्यांच्या वर आहे. पंपाबद्दलची ही भीती त्या तफावतीचं एक कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘गोळी बरी.’ हिशेब करून बघा. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस फवाऱ्यांएवढी. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थोडं असतं आणि थेट नलिकांत पोचतं. सूज उतरवणाऱ्या पंपातल्या स्टेरॉईडचंही तेच. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हा त्रास प्रामुख्याने दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांचा. पंपातल्या नेहमीच्या डोसने बहुधा घसा बसणं किंवा तोंडात पांढरी बुरशी येणं एवढंच होतं, आणि पंपानंतर खळखळून चूळ भरली की तेही बरंच टळतं.

‘विडी-सिगारेटवाल्यांनाच होतो.’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या वाटा कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, घेऊन जगताहेत. बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात, ओली लाकडं नि गोवऱ्या पेटवत, फुंकणीला तोंड लावून त्यांनी तीस-चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स या फुप्फुसरोगतज्ज्ञांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की जगात धूम्रपान करणारे सुमारे 1 अब्ज, तर चुलीसारख्या धुराला सामोरे जाणारे सुमारे 3 अब्ज. जुना क्षयरोग, कारखान्यातली धूळ यांनीही फुप्फुसं खराब होतात.

सीओपीडीत वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती फाटतात, बारीक नलिका श्वास सोडताना मिटतात आणि हवा आतच अडकते. बाई म्हणते, ‘श्वास घेता येत नाही’. खरं तर तिचा आधीचा श्वास पुरता बाहेर पडलेलाच नसतो, नव्याला जागा कुठून मिळणार? ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला की नलिका थोडा जास्त वेळ उघड्या राहतात; धाप कमी होते. पण ‘वय झालं, दम लागणारच’ म्हणून तिला कोणी तपासायलाच नेत नाही.

दहा सेकंदांच्या चाचणीबद्दल दोनच वाक्यं. अर्धं फुप्फुस खराब असलेला माणूसही दहा सेकंद श्वास रोखू शकतो आणि घाबरलेला धडधाकट माणूस रोखू शकत नाही. खरी तपासणी स्पायरोमेट्री: जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं.

ज्यांना ‘पंपाचा उपयोग होत नाही’ असं वाटतं त्यांनी पंप कसा घेतो ते एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवावं. पुष्कळ जण न हलवताच, अत्तर उडवल्यासारखा तोंडात फवारतात. औषध जिभेवर राहतं. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून फवारा दाबत सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, आत धरायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावावा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो लावूनच द्यावा.